एकाच बाजूचा व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा जातो तेव्हा काय तपासायचं

अॅम्प्लिफायरच्या उजव्या बाजूचा आउटपुट व्हॉल्व्ह (स्पीकरला ताकद देणारी काचेची निर्वात नळी) गेला म्हणून नवा आणला. काही महिने सुरेख वाजला. मग उजवीकडचा आवाज हळूहळू दबला, वरच्या सुरांत चिरकायला लागला, आणि एका रात्री खोलीतला दिवा मालवल्यावर काचेच्या आतली करडी प्लेट लालसर तापलेली दिसली. पुन्हा नवा व्हॉल्व्ह, पुन्हा तेच. पुण्यात व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प आणि जुने रेडिओग्रॅम (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेले संच) जपणाऱ्या मंडळींकडून मी ही तक्रार सतत ऐकतो. त्यावरचा निष्कर्षही बहुतेकांचा ठरलेला असतो: हल्लीचा माल खराब. मग कुणी जुन्या साठ्यातला महागडा व्हॉल्व्ह मागवतो आणि तोही त्याच जागी जळतो.

माझं म्हणणं असं आहे की एकाच सॉकेटवरचे दोन व्हॉल्व्ह लागोपाठ गेले, तर तिसरा विकत घेण्याआधी त्या सॉकेटच्या मागचं सर्किट मोजलंच पाहिजे. जगात आता मोजकेच कारखाने हे व्हॉल्व्ह बनवतात. पन्नास-साठ वर्षं जपून ठेवलेला एखादा चांगला नग दहा रुपयांच्या गळक्या कंडेन्सरपायी जावा, हे मला बघवत नाही.

आधी जिवाची काळजी

साध्या रेडिओतसुद्धा प्लेटला २५० व्होल्ट डीसी असतात, मोठ्या अ‍ॅम्पमध्ये ४५० पर्यंत. प्लग काढल्यावरही फिल्टरच्या कंडेन्सरमध्ये हा भार बराच वेळ साठून राहतो. चॅसीस (आतला धातूचा सांगाडा) उलटं करायचं असेल तर प्लग काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, इन्सुलेटेड क्लिप लावलेल्या काही किलोओहम, पाच वॅटच्या रेझिस्टरने कंडेन्सर रिकामे करा आणि मीटरने खात्री करून घ्या. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. चालू अ‍ॅम्पमध्ये मोजताना काळी तार क्लिपने चॅसीसला अडकवा आणि एकाच हाताने काम करा, दुसरा हात पाठीमागे. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प कधीही वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये इतकं व्होल्टेज उसळतं की त्याचं इन्सुलेशन फुटू शकतं.

चॅसीसच्या आत आजवर हात घातला नसेल, तर पुढचा अदलाबदलीचा भाग स्वतः करा आणि आतली मोजमापं जाणकार मेकॅनिककडून करून घ्या. मात्र नेमकं काय मोजायचं हे त्याला सांगा. 'चेक करून ठेवा' एवढ्यावर सोडलं तर नवा व्हॉल्व्ह बसवून अ‍ॅम्प परत येतो.

अदलाबदल

पहिली चाचणी फुकट आहे. आधी रेकॉर्ड प्लेअर किंवा सीडी प्लेअरकडून येणाऱ्या डाव्या-उजव्या तारा एकमेकींच्या जागी लावा. दोष बाजू बदलून डावीकडे गेला तर अ‍ॅम्प निर्दोष आहे. पिकअपची सुई, तार किंवा प्लेअर बघा. दोष उजवीकडेच राहिला तर अ‍ॅम्प बंद करून थंड होऊ द्या आणि डाव्या-उजव्या आउटपुट व्हॉल्व्हची अदलाबदल करा. आधी प्रत्येकावर पेन्सिलने किंवा चिकटपट्टीने खूण करून ठेवा, नाहीतर तासाभराने कुठला कुठचा हे कळेनासं होतं. एका वेळी एकच जोडी हलवायची.

व्हॉल्व्हबरोबर दोष सरकला, तर व्हॉल्व्ह दोषी. जागेवरच राहिला, तर सर्किट. एवढ्यावर निम्म्या तक्रारींचा निकाल लागतो. पण आपल्या प्रकारात एक फसगत आहे. व्हॉल्व्ह खरंच खराब झालेला असतो, त्यामुळे दोष त्याच्याबरोबर सरकतो आणि माणूस निश्चिंत होऊन नवा बसवतो. तो खराब कशामुळे झाला हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून तक्रार पुन्हा येणारी असेल तर अदलाबदलीचं उत्तर काहीही येवो, आतली मोजमापं टाळू नका.

दुसरी फसगत छोट्या व्हॉल्व्हची. ईसीसी८३ च्या एका काचेत दोन ट्रायोड (तीन भागांचे साधे व्हॉल्व्ह) असतात. बऱ्याच लहान स्टिरिओ अ‍ॅम्पमध्ये त्यातला एक ट्रायोड डाव्या बाजूला आणि दुसरा उजव्या बाजूला वापरलेला असतो. तिथे अदलाबदल करायला जोडीच नसते. खात्रीचा दुसरा ईसीसी८३ लावूनच बघावं लागतं.

काढताना व्हॉल्व्ह सरळ वर ओढा. नऊ पिनांच्या व्हॉल्व्हला बूड नसतं, पिना थेट काचेतून निघतात; तिरका जोर दिला तर पिनेपाशी काच तडकते आणि हवा आत जाते. आठ पिनांचा मोठा व्हॉल्व्ह खालच्या बेकेलाइटच्या बुडाला धरून काढायचा. त्याची मधली खुंटी तुटलेली असेल तर तो चुकीच्या कोनातही बसतो, म्हणून पिनांचा क्रम बघूनच लावा.

खरा गुन्हेगार बहुधा कपलिंग कंडेन्सर

व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडकडून प्लेटकडे करंट वाहतो आणि मधली ग्रिड नावाची जाळी त्याला आवर घालते. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर आधीच्या टप्प्यातून गाणं यायचं असतं, डीसी अजिबात यायचं नसतं. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर शंभर-दीडशे व्होल्ट डीसी असतात. ते अडवून फक्त गाणं पुढे सोडण्याचं काम एक लहानसा कंडेन्सर करतो, बहुधा ०.०२२ ते ०.१ मायक्रोफॅरडचा. तो गळायला लागला की ग्रिडवर धन डीसी येतं, व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त करंट ओढतो, तापतो आणि लवकर संपतो. जुन्या संचांतले मेण लावलेले कागदी कंडेन्सर जवळपास सगळे गळतात. जुन्या फिलिप्स आणि मुलार्डच्या संचांतले मोहरीच्या रंगाचे पॉलिस्टर कंडेन्सर मात्र बहुधा अजून ठणठणीत असतात. ते मोजल्याशिवाय काढू नका.

तपासणी ईएल८४ हा आउटपुट व्हॉल्व्ह धरून सांगतो, कारण आपल्याकडच्या जुन्या रेडिओग्रॅममध्ये आणि लहान अ‍ॅम्पमध्ये तो फार भेटतो. त्याची पिन २ ग्रिड, ३ कॅथोड, ४ आणि ५ हीटर, ७ प्लेट, ९ स्क्रीन (दुसरी जाळी). अ‍ॅम्प चालू, आवाज शून्यावर, मीटर डीसी व्होल्टवर, काळी तार चॅसीसला, लाल पिन २ ला. वाचन शून्य हवं. ग्रिड ते चॅसीस ४७० किलोओहमचा रेझिस्टर असेल तर एक मायक्रोअँपिअरहून थोडी जास्त गळतीसुद्धा तिथे अर्धा व्होल्ट दाखवते, म्हणजे साधा डिजिटल मीटर या कामाला पुरतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हे वाचन अ‍ॅम्प सुरू केल्याबरोबर घेऊन थांबू नका. गळती उष्णतेबरोबर वाढते. कर्वेनगरच्या एका काकांचा स्टिरिओ माझ्याकडे आला तेव्हा ते म्हणाले, "अरे, दोन मेकॅनिकनी बघितलं, दोघांनी कंडेन्सर चांगला सांगितला." खोटं कुणीच बोललं नव्हतं. थंड असताना ग्रिडवर काही नव्हतं. चॅसीस खाली-वर कापडाने झाकून, जसं ते कपाटात ठेवून वाजवतात तसं गरम होऊ दिलं, आणि तासाभराने ग्रिडवर जवळपास दोन व्होल्ट चढले, कॅथोडवर साडेआठ. लगेच लाल व्हावं इतका हा बिघाड मोठा नाही. व्हॉल्व्ह मर्यादेच्या जरा वर राबत राहतो आणि काही महिन्यांत संपतो. नेमकी हीच तक्रार होती.

धन व्होल्टेज सापडलं तरी कंडेन्सरला लगेच दोष देता येत नाही, कारण खराब व्हॉल्व्ह स्वतःही ग्रिडमधून करंट सोडतो. फरक असा ओळखायचा: अ‍ॅम्प बंद करा, थंड झाल्यावर आउटपुट व्हॉल्व्ह काढा, पुन्हा चालू करून रिकाम्या सॉकेटच्या त्याच पिनेवर मोजा. व्होल्टेज तसंच राहिलं तर कंडेन्सर गळतो. गायब झालं तर व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह काढल्यावर वीजपुरवठ्यावरचा भार कमी होऊन मुख्य डीसी व्होल्टेज वाढतं, म्हणून ही चाचणी चटकन उरका. फिल्टर कंडेन्सरचं रेटिंग आधीच काठावर असेल तर ती करूच नका. त्याऐवजी कपलिंग कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोडवून तिथेच मोजा.

बदलायचा कंडेन्सर त्याच मायक्रोफॅरडचा, ४०० किंवा ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन फिल्म घ्या. दोन्ही बाजूंचे एकदम बदला. इथे फार महाग माल लागत नाही.

कॅथोडकडे बघा

ईएल८४ ची कंपनीच्या तक्त्यातली नेहमीची मांडणी अशी: प्लेटवर २५० व्होल्ट, कॅथोडला १३५ ओहम, प्लेटचा करंट ४८ मिलिअँपिअर, स्क्रीनचा साडेपाच. म्हणजे कॅथोडवर साधारण सव्वासात व्होल्ट दिसायला हवेत. आणि या नेहमीच्या मांडणीतसुद्धा प्लेट जवळपास पावणेबारा वॅट उष्णता सोसत असते, जेव्हा मर्यादा १२ वॅटची आहे. हा व्हॉल्व्ह मुळातच काठावर चालतो. ग्रिडवरच्या दोन व्होल्टांनी तो का मरतो ते यातून समजतं. त्याच रेझिस्टरवर ११ व्होल्ट दिसले तर प्लेटवर साडेसतरा वॅटच्या आसपास पडत आहेत. अ‍ॅम्प ताबडतोब बंद करा.

कॅथोडच्या रेझिस्टरला समांतर एक इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर असतो, बहुधा २५ व्होल्टचा. तो शॉर्ट झाला की कॅथोडवर शून्य दिसतं, बायस (करंट आवरून धरणारं, कॅथोडच्या तुलनेत ग्रिडवरचं ऋण व्होल्टेज) उरत नाही आणि प्लेट लगेच लाल होते. उलट कॅथोडवर वीस-तीस व्होल्ट दिसत असतील आणि आवाज नसेल तर रेझिस्टर जळून उघडा पडलाय. एकदा लाल झालेल्या व्हॉल्व्हच्या जागेवरचा हा रेझिस्टर आणि कंडेन्सर दोन्ही बदलूनच टाका.

ईएल३४ या मोठ्या आउटपुट व्हॉल्व्हचे बरेच अ‍ॅम्प फिक्स्ड बायसचे असतात, तिथे ग्रिडला वेगळं ऋण व्होल्टेज दिलेलं असतं. तिथला नेहमीचा बिघाड म्हणजे बायस लावण्याचा लहान पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर). त्याचा सरकता संपर्क मळला आणि क्षणभर सुटला तरी ऋण व्होल्टेज नाहीसं होऊन व्हॉल्व्ह बेलगाम होतो. पॉट बदला, आणि सरकत्या टोकापासून ऋण टोकापर्यंत एक रेझिस्टर असा घाला की संपर्क सुटला तर बायस वाढेल, व्हॉल्व्ह गार पडेल पण वाचेल. बायसचा फिल्टर कंडेन्सरही वाळतो, तोही बदला.

अशा अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्ह बदलल्यावर बायस पुन्हा लावावाच लागतो. प्लेट ते कॅथोड ४३० व्होल्ट असतील तर ईएल३४ च्या २५ वॅटच्या ७० टक्के धरून प्लेटचा करंट ४० मिलिअँपिअरच्या आसपास येतो. कॅथोडला १० ओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावरचे ४०० मिलिव्होल्ट म्हणजे ४० मिलिअँपिअर. या आकड्यात स्क्रीनचा करंटही मिसळलेला असतो, त्यामुळे प्लेटचा खरा करंट थोडा कमीच असतो, आणि ती चूक व्हॉल्व्हच्या फायद्याची आहे.

भिंतीतली वीज

दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह लवकर संपत असतील तर घरातलं व्होल्टेज मोजा, आणि ते रात्रीही मोजा. आजूबाजूचा वापर कमी झाला की व्होल्टेज चढतं. युरोपातून आलेल्या संचाचा ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचा असतो. त्याला २४५ मिळाले तर ६.३ व्होल्टचा हीटर सात व्होल्टांवर जातो आणि ३०० चं प्लेट व्होल्टेज ३३४ होतं. हीटरला साधारण दहा टक्क्यांची मुभा असते, म्हणजे ५.७ ते ६.९, सात व्होल्ट त्याच्याही बाहेर. ईएल८४ ची प्लेटची मर्यादा ३०० व्होल्टची आहे हेही लक्षात घ्या.

मागच्या बाजूला व्होल्टेज निवडायची चकती असेल तर ती २४० वर आणा. कित्येक घरांत ती जशी आली तशी २२० वर राहिलेली असते, आणि एवढ्या एका बदलाने व्हॉल्व्हचं आयुष्य वाढतं. चकती नसेल तर डिमरस्टॅटवर (व्होल्टेज हवं तेवढं लावता येणारा ट्रान्सफॉर्मर) २२० लावून वाजवा, किंवा माहीतगाराकडून व्होल्टेज कमी करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून घ्या. रिलेचा स्टॅबिलायझर व्होल्टेज पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो आणि प्रत्येक वेळी स्पीकरमध्ये टक् वाजतं. मला तो या कामासाठी पटत नाही. अमेरिकेतून आलेला ११७ व्होल्टचा संच स्टेपडाउनवर चालवत असाल तर त्याचा ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी बांधलेला आहे का ते बघा. आपल्या ५० हर्ट्झवर तो जास्त तापतो.

पावसाळ्यातली खरखर

जून ते सप्टेंबर सिंहगड रोडपासून औंधपर्यंत सगळीकडून एकच फोन: खरखर सुरू झाली, व्हॉल्व्ह गेला वाटतं. बहुतेक वेळा व्हॉल्व्ह गेलेला नसतो. सॉकेटवर वर्षभराची धूळ साठलेली असते, तिने ओल धरलेली असते, आणि पिनांवर काळपट थर आलेला असतो. अ‍ॅम्प बंद आणि रिकामा करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने सॉकेट पुसा, दातांच्या फटींचा बारीक ब्रश छिद्रांतून फिरवा, पूर्ण वाळू द्या. पिनांवर पॉलिशपेपर घासू नका, मुलामा निघतो. सॉकेटच्या सैल झालेल्या पट्ट्या बारीक सुईने आत दाबा. सैल पट्टी हीटरच्या पिनेवर असेल तर तिथेच उष्णता होऊन सॉकेट जळतं.

आठ पिनांच्या सॉकेटमध्ये पिन ३ वर प्लेटचं उंच व्होल्टेज असतं आणि शेजारीच पिन २ वर हीटर. ओल आणि धुळीतून तिथे ठिणगी उडते, बेकेलाइटवर काळी रेघ पडते, आणि ती रेघ कोळशाची असल्याने वीज वाहते. खरवडून ती जात नाही. सॉकेट बदला, सिरॅमिकचं घ्या. पावसाळाभर अ‍ॅम्प आठवड्यातून एकदा तरी तासभर चालवा, आतली ओल निघून जाते.

बाकीचे आवाज थोडक्यात. सतत गुणगुण येत असेल आणि ती जाडसर, १०० हर्ट्झची असेल तर फिल्टर कंडेन्सर. खर्जातली ५० हर्ट्झची असेल तर हीटरची वायरिंग, अर्थिंग किंवा व्हॉल्व्हमधली हीटर-कॅथोड गळती. पेन्सिलीच्या रबराने टकटक केल्यावर स्पीकरमधून घणघण आली तर तो व्हॉल्व्ह कंपनाला हळवा आहे. पहिल्या टप्प्यातून काढून पुढच्या टप्प्यात लावला तर तो बरीच वर्षं चालेल. ईसीसी८३ बदलूनही सुरसुर तशीच राहिली तर त्याच्या प्लेटचा जुना कार्बन रेझिस्टर काढून मेटल फिल्मचा लावा.

काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली म्हणून घाबरू नका, ती चांगल्या व्हॉल्व्हमध्येही असते. प्लेटच्या आत, भागांच्या मध्ये जांभळट-गुलाबी धुकं दिसलं तर आत वायू आहे, तो व्हॉल्व्ह काढा. वरचा चांदीसारखा डाग पांढरा पडला असेल तर हवा आत गेली, त्याचं काहीही होऊ शकत नाही.

आता निवड

सर्किट दुरुस्त झालं की मगच नवा व्हॉल्व्ह घ्या. ईसीसी८३ आणि १२एएक्स७ एकच. ७०२५ आणि सीव्ही४००४ हेही त्याच कुळातले. ईसीसी८१ म्हणजे १२एटी७ आणि ईसीसी८२ म्हणजे १२एयू७, तिघांच्या पिना आणि हीटर सारखे. म्हणून लोक बिनधास्त एकाच्या जागी दुसरा लावतात. बसतो, पेटतो, वाजतोही. पण ईसीसी८३ चा वर्धनांक (सिग्नल किती पट वाढवू शकतो तो आकडा) १००, ईसीसी८१ चा ६०, ईसीसी८२ चा वीसच्या आत-बाहेर. शिवाय तक्त्यात २५० व्होल्टवर ईसीसी८३ सव्वा मिलिअँपिअरच्या आसपास घेतो आणि ईसीसी८२ साडेदहा. ईसीसी८३ साठी निवडलेल्या रेझिस्टरवर ईसीसी८२ त्याच्या चांगल्या जागेपासून फार दूर उपाशी चालतो. आवाज मऊ झाला म्हणून आनंद होतो, पण तो मऊपणा कमी झालेल्या वर्धनाचा आणि वाढलेल्या विकृतीचा असतो. मी हा बदल सुचवत नाही.

ईसीसी८८ तर त्या जागी लावायचाच नाही. त्याचा हीटर पिन ४ आणि ५ वर ६.३ व्होल्टचा, पिन ९ आतल्या पडद्याची. ईसीसी८३ च्या सॉकेटमध्ये ४ आणि ५ जोडून ९ शी ६.३ दिलेले असतील तर तो पेटणारच नाही. ४ आणि ५ वर १२.६ असतील तर हीटर दुप्पट व्होल्टेजवर जळेल. त्याची प्लेटची मर्यादाही फक्त १३० व्होल्टची आहे.

ईएल८४ म्हणजेच ६बीक्यू५. रशियन ६पी१४पी त्याच्याच जागी चालतो, आणि त्याचा ईव्ही हा मजबूत प्रकार मिळाला तर चढ्या व्होल्टेजच्या अ‍ॅम्पला तो मी आवर्जून लावतो.

मोठ्या व्हॉल्व्हमध्ये 'जास्त ताकदीचा लावू' हा मोह सगळ्यात घातक. ६एल६जीसी चा हीटर ०.९ अँपिअर घेतो, ईएल३४ चा १.५. पहिल्याच्या जागी दुसरा लावला तर चार व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये हीटरचा करंट ३.६ वरून ६ अँपिअरवर जातो, आणि ट्रान्सफॉर्मर त्यासाठी बांधलेला नसतो. ईएल३४ ची पिन १ ही वेगळी ग्रिड आहे, ती कॅथोडला जोडलेली हवी. ६एल६ च्या सॉकेटमध्ये ती बऱ्याचदा मोकळी असते. आणि ग्रिडचा रेझिस्टर बघा: फिक्स्ड बायसमध्ये ईएल३४ ला ५०० किलोओहमपर्यंत चालतो, ६५५० या दुसऱ्या ताकदवान व्हॉल्व्हला मर्यादा ५० किलोओहमची. ईएल३४ च्या अ‍ॅम्पमध्ये ६५५० बसवला की तो ग्रिडच्या करंटने स्वतःचाच बायस ढासळवतो, आणि आपण पुन्हा 'माल खराब' म्हणतो.

रेक्टिफायरमध्येही (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) तसंच. जीझेड३४ चा हीटर १.९ अँपिअर, ५यू४ चा ३. ५यू४ मध्ये व्होल्टेज जास्त पडतं, आणि तो आउटपुट व्हॉल्व्ह तापण्याआधीच डीसी सोडतो. जीझेड३४ च्या जागी जीझेड३४ च लावा.

ब्रँडच्या नावाने फार भारावून जाऊ नका. मुलार्ड, टंग-सोल, सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही नावं आज रशियातल्या साराटोव्हच्या एकाच कारखान्यातून निघणाऱ्या व्हॉल्व्हवर असतात. आजचा मुलार्ड म्हणजे इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नचा जुना मुलार्ड नव्हे, त्याचे पैसे त्या भावाने देऊ नयेत. स्लोव्हाकियाच्या चाडत्सा गावातला जेजे हा दुसरा मोठा कारखाना, आणि तिसरा गट चीनचा. रोजच्या वाजवण्यासाठी मी नवा, मोजून दिलेला व्हॉल्व्ह घेतो आणि त्यात समाधानी असतो.

जुन्याची हौस असेल तर बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात उघड्या पडलेल्या रेडिओंमधून बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह अधूनमधून हाती लागतात. त्यांना कमी लेखू नका. ते मनापासून बनवलेले व्हॉल्व्ह आहेत आणि चांगल्या अवस्थेतला मिळाला तर उत्तम वाजतो. घेताना चांदीचा डाग बघा, पिना सरळ आहेत का बघा, कानाशी हलवून आत काही सुटं वाजतंय का ऐका. जुन्या मुलार्ड-फिलिप्सवरची छपाई अस्सल मालावरही बोटाने पुसली जाते, म्हणून छपाईवर विसंबू नका. काचेवर खाली कोरलेल्या पुसट कोडच्या दुसऱ्या ओळीचं पहिलं अक्षर कारखाना सांगतं: बी असेल तर ब्लॅकबर्न, त्रिकोण असेल तर हॉलंडमधलं हेर्लेन. दुकानातल्या जुन्या टेस्टरवर काटा हिरव्यात गेला म्हणजे सगळं झालं असंही नाही, कारण तो टेस्टर कमी व्होल्टेजवर मोजतो. कंडेन्सर, रेझिस्टर, फ्यूज यांसाठी बुधवार पेठेतली तापकीर गल्ली पुरेशी आहे.

जुळवलेली जोडी पुश-पुल (दोन व्हॉल्व्ह आलटून-पालटून काम करतात अशा) अ‍ॅम्पला लागते, कारण दोन व्हॉल्व्हचे करंट वेगळे असले तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात डीसी उरतं आणि खर्ज बिघडतो. एका बाजूला एकच ईएल८४ असलेल्या रेडिओग्रॅमला जोडीचे जादा पैसे देण्याची गरज नाही. विक्रेत्याला विचारा की कुठल्या व्होल्टेजवर जुळवलं आणि किती करंट आला. आकडे सांगता आले नाहीत तर जोडी फक्त डब्यावर जुळवलेली आहे.

नवा व्हॉल्व्ह बसवल्यावर पहिला तासभर अ‍ॅम्पजवळ बसा. सुरू केल्यावर, अर्ध्या तासाने आणि तासाने ग्रिड आणि कॅथोडचं व्होल्टेज मोजून दोन्ही बाजूंसाठी कागदावर लिहा, शेजारी त्या वेळचं भिंतीतलं व्होल्टेजही. तो कागद अ‍ॅम्पच्या तळाच्या पत्र्याला आतून चिकटवून ठेवा. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. ग्रिड शून्यावर आणि दोन्ही कॅथोड एकमेकांच्या अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या आत असतील, तर अ‍ॅम्प कपाटात परत ठेवायला हरकत नाही; फक्त वर हाताच्या वीतभर तरी मोकळी जागा सोडा आणि कपाटाची मागची फळी काढून टाका.